लष्कराची जुनी जोंगा घेताना: गाडी की भंगार?

लष्कराच्या सेवेतून बाहेर पडलेली जोंगा, जिप्सी किंवा एक टनी निसान ट्रक विकत घ्यावा आणि सुटीच्या दिवशी घाटवाटा, नदीपात्रे धुंडाळावीत, ही हौस देशात नवी नाही. २०१९ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी रांचीच्या रस्त्यावर हिरवी जोंगा चालवताना दिसला आणि विस्मरणात गेलेले हे नाव पुन्हा चर्चेत आले. मात्र अशा वाहनाची किंमत ठरवताना इंजिन, टायर आणि पत्रा पाहणारे अनेक हौशी ग्राहक सर्वांत महत्त्वाची वस्तू पाहायची विसरतात. ती वस्तू म्हणजे विक्रीचा कागद. लष्कराने ते वाहन ‘वाहन’ म्हणून विकले की ‘भंगार’ म्हणून, हे त्या कागदावर लिहिलेले असते. पुढे ते रस्त्यावर धावणार की अंगणात उभे राहणार, याचा निकाल तेथेच लागतो.

या वाहनांचा इतिहास बहुतांशी जबलपूरशी निगडित आहे. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याखाली शक्तिमान ट्रकची निर्मिती १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत सुरू झाली. १९६९ मध्ये तेथेच स्वतंत्र वाहन निर्माणी स्थापन झाली आणि शक्तिमानबरोबर जपानच्या निसान कंपनीच्या परवान्यावरील जोंगा व एक टनी ट्रक तेथे तयार होऊ लागले. जोंगा हे नावही जबलपूरच्या या आयुध निर्माणींच्या इंग्रजी आद्याक्षरांतून घडले आहे. १९९६ मध्ये नागरी ग्राहकांसाठी डिझेल इंजिनाची जोंगा काढण्यात आली. पण ती फार थोड्यांनी घेतली आणि काही वर्षांतच जोंगाचे उत्पादनच थांबले. १९९१ पासून लष्करात दाखल झालेल्या मारुती जिप्सीने तिची जागा घेतली. सध्या हौशी मंडळींच्या हाती येणारी लष्करी वाहने प्रामुख्याने जिप्सी असतात. चांगली जोंगा आता दुर्मीळ झाली आहे.

लष्कराबाहेर येण्याचा मार्ग

लष्कर आपल्या वाहनांची ढोबळ वर्गवारी अक्षरांनी करते. रणगाडे व चिलखती वाहने ‘ए’ वर्गात, जीप, ट्रक यांसारखी बिनचिलखती वाहने ‘बी’ वर्गात आणि अभियांत्रिकी यंत्रे ‘सी’ वर्गात मोडतात. सामान्य नागरिकाचा संबंध येतो तो ‘बी’ वर्गाशी. ठरावीक आयुष्य आणि धाव पूर्ण झाली, किंवा दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला, की वाहन सेवेतून कमी करून डेपोत जमा केले जाते.

तेथून पुढे विल्हेवाट मुख्यतः इ-लिलावाने लागते. केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतील एमएसटीसी ही सरकारी कंपनी हे लिलाव आपल्या संकेतस्थळावर घेते. बोलीदाराला आधी नोंदणी करावी लागते व अनामत रक्कम भरावी लागते. माल ‘जसा आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकला जातो. याचा सरळ अर्थ असा की, बोली जिंकल्यानंतर गिअरबॉक्स रिकामा निघाला तरी तक्रारीला जागा नसते. म्हणूनच लिलावापूर्वी दिलेल्या मुदतीत डेपोत जाऊन माल डोळ्यांनी पाहणे आवश्यक ठरते. सर्वोच्च बोलीवर वस्तू व सेवा करासह अन्य आकारणी वेगळी असते. रक्कम भरण्याची आणि माल उचलण्याची मुदत चुकल्यास भूभाडे आकारले जाते किंवा अनामत जप्त होते. वाहने अनेकदा एकेक न विकता गटाने विकली जातात. एका जिप्सीसाठी दहा गाड्यांचा गट घेणे कोणाही हौशी माणसाला परवडणारे नसते, त्यामुळे या लिलावांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व राहिले, यात नवल नाही.

माजी सैनिक आणि सेवेत असताना निधन झालेल्या सैनिकांच्या पत्नी यांच्यासाठी एक वेगळा मार्ग आहे. पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनेनुसार त्यांना पाचव्या श्रेणीतील ‘बी’ वाहने वाटपाने मिळू शकतात. त्यासाठीचा अर्ज जिल्हा सैनिक कार्यालयामार्फत करावा लागतो. ही योजना पुनर्वसनासाठी आहे, भटकंतीसाठी नाही. तरीही योजनेतून मिळालेल्या वाहनाचा कागद सर्वांत स्वच्छ असतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नोंदणीचा कळीचा प्रश्न

लष्करी वाहनांची नोंदणी आरटीओत होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ६० नुसार संरक्षण कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांची नोंद केंद्राने नेमलेला स्वतंत्र अधिकारी करतो. वाहन केंद्र सरकारच्या मालकीतून बाहेर पडताच त्याला कलम ३९ व ४० लागू होतात. म्हणजेच नव्या मालकाने आपल्या रहिवासाच्या आरटीओत त्याची नव्याने नोंदणी केल्याखेरीज ते सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही.

या नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४७ एक विशेष कागद मागतो. तो म्हणजे संबंधित लष्करी अधिकाऱ्याने ‘नमुना २१’ मध्ये दिलेले मूळ विक्री प्रमाणपत्र. त्याची छायाप्रत चालत नाही, व्यापाऱ्याची पावतीही चालत नाही. ज्या गटाची विक्री भंगार म्हणून झाली, त्यातील वाहनासाठी असे प्रमाणपत्र मिळत नाही आणि ते नसेल तर नोंदणी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र ही सारी पुढची साखळीच तुटते. इंजिन कितीही सुरेल चालत असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती गाडी नसून लोखंड असते.

२०२१ च्या मोडीत काढण्याच्या धोरणानंतर ही अडचण वाढली आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि ती नोंदणीकृत मोडतोड केंद्रातच जाणे अपेक्षित आहे. देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष कामगिरीवर असलेली चिलखती व विशेष वाहने यातून वगळलेली आहेत. परंतु लिलावात केवळ अशा केंद्रांनाच बोलीची मुभा असेल, तर सामान्य ग्राहकाला तेथे प्रवेशच नसतो. अटींचे पान वाचल्याशिवाय अनामत भरू नये, असे म्हणण्याचे कारण हेच.

बहुतेक ग्राहक लिलावात जात नाहीत. ते पश्चिम बंगालमधील पानागढ, दिल्लीतील मायापुरी अशा जुन्या मालाच्या बाजारांत किंवा जीप नव्याने बांधून देण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हरयाणातील मंडी डबवालीत पोहोचतात. तेथे उत्तम कारागीर आहेत, तसेच दोन-तीन गाड्यांचे भाग जोडून एक गाडी उभी करणारेही आहेत. अशा गाडीला कधी भलत्याच जुन्या जीपचे नोंदणी पुस्तक जोडलेले असते. चॅसीवर ठोकलेला क्रमांक, इंजिन क्रमांक आणि कागदावरील क्रमांक तंतोतंत जुळले पाहिजेत. चॅसी क्रमांकाभोवती घासल्याच्या वा नव्या जोडकामाच्या खुणा दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवणे श्रेयस्कर. आधीच नागरी नोंदणी झालेली गाडी असल्यास ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत तिची नोंद पाहता येते. नोंदणी नसलेल्या गाडीबाबत ‘करून देऊ’ हे विक्रेत्याचे आश्वासन असते. त्या आश्वासनापोटी पूर्ण रक्कम देऊ नये.

वय, इंधन आणि सुटे भाग

दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात जुन्या वाहनांवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केले. २०२५ मध्ये त्यात फेरबदल झाले, पण बीएस-३ व त्यापूर्वीच्या मानकांच्या वाहनांना दिलासा मिळाला नाही आणि बहुतेक जुनी लष्करी वाहने याच गटातील आहेत. इतरत्र २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क २०२५ पासून १० हजार रुपये झाले आहे. पन्नाशी ओलांडलेल्या खासगी वाहनांसाठी २०२१ चे ‘व्हिंटेज’ नियम आहेत. परंतु त्याखाली नोंदलेली गाडी प्रदर्शन, मेळावा, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी भटकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

यांत्रिक बाजू त्यामानाने सोपी आहे. जोंगाचे सहा सिलिंडरचे, सुमारे चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन दणकट, पण खादाड. एका लिटरला चार-पाच किलोमीटरपेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नये. अनेक लष्करी वाहनांची विद्युत यंत्रणा १२ ऐवजी २४ व्होल्टची असल्याने नेहमीचे दिवे वा पंखे थेट जोडता येत नाहीत. जिप्सीची विक्री नागरी ग्राहकांसाठी २०१९ च्या सुमारास थांबली असली तरी तिचे सुटे भाग आजही तुलनेने सहज मिळतात आणि तिची दुरुस्ती जाणणारे मेकॅनिक गावोगावी आहेत. गोव्यात २०१४ पासून भरणाऱ्या रेन फॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत जिप्सी दिसतात त्या यामुळेच.

शक्तिमान किंवा स्टॅलियनसारखा मोठा ट्रक ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा अधिक असल्याने हलक्या वाहनाच्या परवान्यावर तो चालवता येत नाही. मालवाहू म्हणून नोंदल्यास परमिट लागते आणि वाहन आठ वर्षांपेक्षा जुने असल्याने योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. मागील हौदा काढून झोपण्याची खोली बांधायची म्हटली तर कलम ५२ आडवे येते. मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाही.

राहिला रंग. ज्या ऑलिव्ह हिरव्या छटेसाठी ही वाहने घेतली जातात, तीच नागरी मालकाला निषिद्ध आहे. नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला तो रंग देता येत नाही. लष्करी क्रमांकातील वर रोखलेला बाणही उतरवावाच लागतो. तो पुसण्यापूर्वी त्यालगतचे दोन आकडे मात्र टिपून ठेवावेत. ते वाहन लष्करात दाखल झाल्याचे वर्ष सांगतात आणि विक्रेत्याने सांगितलेले वय त्यावरून ताडून पाहता येते.