सांबऱ्याचा डावखुरा

दहा वेळा बॅट घेऊन उतरायचं आणि सात वेळा हात हलवत परत यायचं. क्रिकेटमध्ये असं झालं तर निवड समिती नाव विसरते. बेसबॉलमध्ये हाच माणूस संघाचा आधार समजला जातो. तिथे ०.३०० ची सरासरी म्हणजे उत्तम फलंदाज. बोस्टनच्या टेड विल्यम्सने १९४१ साली ०.४०६ ची सरासरी राखली. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये पूर्ण मोसमात ०.४०० कुणालाच जमलेलं नाही. हा हिशेब डोक्यात बसला नाही तर ‘एमएलबी द शो’ हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम दोन दिवसांत कपाटात जातो. आपल्याकडची बहुतेक पोरं पहिल्याच सामन्यात प्रत्येक चेंडूवर षटकार मारायला जातात आणि चारही वेळा स्ट्राइकआउट होऊन कंट्रोलर आपटतात.

हा गेम सोनीचा सॅन दिएगो स्टुडिओ बनवतो. बरीच वर्षं तो फक्त प्लेस्टेशनवर होता. २०२१ मध्ये एक्सबॉक्सवर आणि २०२२ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. त्यातला ‘रोड टू द शो’ हा करिअरचा भाग इथे सांगायचा आहे. आपण एक खेळाडू घडवायचा, त्याचा चेहरा, उंची, हात, जागा ठरवायची आणि मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत, न्यायचा. सामना पूर्ण खेळावा लागत नाही. आपल्या खेळाडूच्या फलंदाजीच्या चारेक पाळ्या आणि त्याच्याकडे आलेले चेंडू, एवढंच. म्हणून १६२ सामन्यांचा मेजर लीग मोसमसुद्धा नोकरी सांभाळून उरकता येतो.

पहिला निर्णय हाताचा. बहुतेक गोलंदाज, म्हणजे पिचर, उजव्या हाताने फेकतात आणि उजव्या पिचरविरुद्ध डावखुऱ्या फलंदाजाला चेंडू जास्त वेळ नीट दिसतो. गेममध्येही उजव्या आणि डाव्या पिचरविरुद्धचे गुण वेगवेगळे मोजले जातात. तेव्हा आपण स्वतः उजवे असलो तरी खेळाडू डावखुरा बनवावा. ही काही गेमची पळवाट नाही. इचिरो सुझुकी आणि शोहेई ओतानी हे दोघेही उजव्या हाताने फेकणारे आणि डावीकडून फलंदाजी करणारे. आपल्या शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना मुळात उजवीच. ती डावीकडून खेळायला लागली ती घरच्यांमुळे. वडिलांना डावखुऱ्या फलंदाजीचं कौतुक होतं आणि भाऊही तसाच खेळायचा. २०१३ मध्ये गुजरातविरुद्ध महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून एकदिवसीय सामन्यात तिने २२४ धावा केल्या. २०२४ च्या आवृत्तीपासून ‘द शो’मध्येही महिला खेळाडू घडवून तिला मेजर लीगपर्यंत नेता येतं. खऱ्या मेजर लीगमध्ये हे अजून घडलेलं नाही.

दुसरा निर्णय गुणांचा, आणि पोरं चुकतात ती इथेच. फलंदाजाला कॉन्टॅक्ट, पॉवर, व्हिजन, डिसिप्लिन, तर धावण्याला स्पीड, क्षेत्ररक्षणाला फेकीची ताकद आणि अचूकता असे गुण असतात. प्रत्येकाची मोजणी आकड्यात. २०२५ च्या आवृत्तीत कामगिरीवर टोकन मिळतात आणि ते कुठे खर्चायचे हे आपण ठरवायचं. माझ्या भाच्याने पहिला खेळाडू बनवला तेव्हा रेशन वाटावं तसं सगळीकडे थोडं थोडं वाटलं. खेळाडू कशातच वाईट नव्हता आणि कशातच चांगला नव्हता. मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, ट्रिपल-एमध्ये, तो बसून राहिला. “मामा, ह्याला वर का घेईनात की?” त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण वर घेण्यासारखं त्याच्यात काय होतं? दुसऱ्या खेपेला त्याने आधी कॉन्टॅक्ट आणि व्हिजनच वाढवलं. हे गुण वाढले की बॅटचं पडद्यावर दिसणारं वर्तुळ मोठं होतं आणि चेंडू त्यात सापडायला लागतो. पॉवर नंतर. माझं मत विचाराल तर पहिल्या मोसमात पॉवरला हातही लावू नये.

एक चेंडू जवळून पाहू. पिचर ६० फूट ६ इंचांवर उभा. आपल्या २२ यार्डांच्या खेळपट्टीपेक्षा साडेपाच फूट जवळ, आणि चेंडू टप्पा न पडता येतो. ताशी १५० किलोमीटरच्या वेगाने तो साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर पोचतो. तीन बॉल, म्हणजे बाहेर गेलेले चेंडू, आणि दोन स्ट्राइक झालेत. आणखी एक बॉल मिळाला तर चालत पहिल्या बेसवर, स्ट्राइक झाला तर बाद. पिचर स्लायडर टाकतो. चेंडू मधोमध येतोय असं वाटतं आणि शेवटच्या क्षणी बाहेर सरकतो. बोट बटणावर शिवशिवत असतं. तेव्हा बॅट न फिरवणं हेच कौशल्य. चेंडू सोडला, बॉल मिळाला, खेळाडू बेसवर गेला, की त्याच्या नावावर चांगलं काम जमा होतं. धाव नाही, टाळ्या नाहीत, तरी जमा. मला या गेममधली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते.

पिचर घडवायचा असेल तर गणित बदलतं. दम, नियंत्रण, वेग आणि चेंडूचं वळण यांतला वेग सगळ्यांना हवासा वाटतो. पण नियंत्रण नसलेला वेगवान पिचर चार-चार बॉल टाकून फलंदाजांना फुकट बेस वाटत सुटतो. दोनच प्रकारचे चेंडू, पण हव्या त्या कोपऱ्यात टाकता येणारे, हे सुरुवातीला पुरे.

पायऱ्या अशा आहेत: डबल-ए, ट्रिपल-ए, मग मेजर लीग. २०२५ पासून त्याआधी हायस्कूल आणि हवं असेल तर कॉलेजचाही टप्पा आहे. व्हँडरबिल्ट, यूसीएलए, टेक्सास अशी खरी विद्यापीठं त्यात आहेत. या पायऱ्यांवरून बेसबॉलवाल्या रिंकू सिंगची आठवण येते. उत्तर प्रदेशातला हा भालाफेकपटू २००८ साली ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत वेगाने चेंडू फेकून जिंकला आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला करारबद्ध केलं. डिस्नेने २०१४ मध्ये त्यावर चित्रपट काढला. रिंकू काही मोसम खेळला, डबल-एच्या खालच्या सिंगल-एपर्यंत पोचला, मग हात दुखावला, शस्त्रक्रिया झाली. डबल-ए त्याला कधी गाठता आलं नाही. पुढे तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत गेला. बरीच वर्षं गेम ज्या पायरीवर आपल्याला सुरुवातीलाच उभं करत होता, तिथपर्यंत खरा माणूस सगळी ताकद लावूनही पोचला नव्हता.

तरीही पोरांना हे का आवडतं, हे मला बेळगावजवळच्या सांबऱ्यात बसून चांगलं कळतं. डोक्यावरून विमानं जातात, हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रात देशभरातली मुलं येऊन घडतात. पण गावातल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला पुढची पायरी कुठली, हे सांगणारं कुणी नसतं. कर्नाटकातल्या निपाणीच्या मुलाला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, पण त्याचा रस्ता महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे जात नाही. कर्नाटक संघटनेच्या, म्हणजे केएससीएच्या, धारवाड विभागातून बंगळूरकडे जातो. घरात मराठी, निवड चाचणीचा कागद कन्नड-इंग्रजीत. बेळगावचा रोनित मोरे याच वाटेने कर्नाटकाच्या रणजी संघात वेगवान गोलंदाज म्हणून खेळला, आयपीएलच्या संघांतही गेला. म्हणजे वाट आहे. गेममध्ये ती पडद्यावर आखून दिलेली असते, कुठला गुण किती कमी पडतो तेही आकड्यात दिसतं. इथे पोरगं चार वर्षं मैदानावर राबतं आणि आपण नेमके कशात कमी पडलो हे त्याला कुणी सांगत नाही.

खर्चाचं सांगायला हवं. पीएस५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. गेमची किंमत वेगळी. शिवाय आत ‘स्टब्ज’ नावाचं चलन आहे. ते खेळून मिळतं आणि पैसे देऊनही मिळतं. त्यातून साहित्य घेतलं की गुण वाढतात. खऱ्या पैशाने स्टब्ज घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत. खेळत राहिलं तर लागतं तेवढं साहित्य आपोआप जमतं.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत कुणाच्या घरी कन्सोल असेल तर डावखुरा फलंदाज बनवा, कॉन्टॅक्ट वाढवा, बाहेरचे चेंडू सोडा आणि पहिल्या मोसमात सरासरी ०.२५० झाली तरी नाराज होऊ नका. आणि घरातलं पोरगं संध्याकाळी खरोखर मैदानावर जात असेल, तर बेळगावात ऑटोनगरच्या केएससीए मैदानावर चाचण्या कधी असतात याची एकदा चौकशी करा. अर्ज कन्नडमध्ये असला तर शेजारच्याकडून भरून घ्या.