मनी प्लांटला चढू द्या

बाटलीतल्या मनी प्लांटची पाने तळहाताहून मोठी होत नाहीत, म्हणून ती त्याची जातच आहे असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. आंब्याच्या खोडावर चढलेला हाच वेल पाहा. त्याची पाने सुपाएवढी असतात आणि कडेपासून मधल्या शिरेकडे फाटलेली. फरक आधाराचा आहे. मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा हा वेल झाडांवर चढून उजेड गाठतो. त्याच्या पेरापेरावर तपकिरी गाठ दिसते, ते हवाई मूळ. त्याला खडबडीत, ओलसर पृष्ठभाग मिळाला की ते घट्ट धरते आणि नवी पाने मोठी येऊ लागतात. वेल लोंबकळत राहिला तर ती उलट लहान होत जातात.

हे सगळे उन्हाचे काम, असा आक्षेप येईल. उजेड हवाच, अंधाऱ्या कोपऱ्यात काथ्या गुंडाळलेला खांब रोवून फारसे साधणार नाही. पण एकाच खिडकीत चढणारी आणि लोंबणारी फांदी शेजारी वाढवा, फरक कळेल. बाटलीतल्या पाण्यात हा वेल वर्षानुवर्षे टिकतो खरा, पण नळाच्या पाण्यात नत्र-स्फुरद नगण्य असल्याने मोठ्या पानांची सामग्रीच त्याला मिळत नाही. मग दोष वेलातल्या संप्रेरकाचा असेल का? या वेलात जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार करणाऱ्या जनुकात बिघाड असल्याने त्याला फुले येत नाहीत, असे २०१६ मधल्या संशोधनात दिसले. जिबरेलिन फवारल्यावर फुले आली. मात्र हा बिघाड असूनही आंब्यावरचे पान सुपाएवढे होते, तेव्हा लहान पानांचा दोष त्यावर ढकलता येत नाही.