घोडा हुसेन यांचा, हात मुरानोचे

माध्यमांची ओळख – लेखांक १२ : काच

गेल्या आठवड्यात आपण कांस्य पाहिलं. मेणाचा नमुना, त्यावर मातीचा लेप, मेण वितळून गेलं की राहिलेल्या पोकळीत ओतलेला धातू. ओतकाम ओतारी करतो, तरी शिल्प शिल्पकाराचंच मानतात. कारण धातूत उतरतं ते त्याच्या बोटांनी मेणात घडवलेलं रूप. काचेपाशी आलं की हा हिशेब बिघडतो. तापलेल्या काचेला बोट लावता येत नाही आणि ती कुणासाठी थांबतही नाही. मग कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचे असतील तर शिल्पाखाली नाव कुणाचं लिहायचं? गेल्या साठ-सत्तर वर्षांत काचशिल्पाच्या जगात जे काही घडलं, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नातून घडलं आहे.

त्याचं एक ठळक उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्याशी जोडलेलं आहे.

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. आई तान्हेपणीच गेली, वडिलांबरोबर ते इंदूरला गेले, पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत चित्रकार झाले. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला तेव्हा ते त्यात होते. त्यांच्या घोड्याचं मूळ अभ्यासक लहानपणी पाहिलेल्या मोहरमच्या मिरवणुकीत शोधतात, चीनमध्ये पाहिलेल्या मातीच्या घोड्यांत शोधतात, इटलीच्या मारिनो मारिनी या शिल्पकारातही शोधतात. कॅनव्हासवरचे ते घोडे सगळ्यांना ठाऊक आहेत. हुसेन यांनी काचेचे घोडेही योजले होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असेल.

ते घोडे आहेत कतारमध्ये, दोह्याच्या एज्युकेशन सिटीत. २००६ साली भारत सोडल्यावर आणि २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतल्यावर हुसेन यांनी आयुष्याच्या अखेरीस तिथल्या शेखा मोझा यांच्यासाठी एक मोठी कलाकृती कल्पिली. तिचं नाव 'सीरू फी अल अर्द'. माणसाच्या प्रवासाची आणि यंत्रांची ही गोष्ट. नवव्या शतकात पंख लावून उडू पाहणारा अंदलुसियातला अब्बास इब्न फिरनास तिच्यात आहे, जुन्या मोटारी आहेत, आणि मुरानोच्या काचेचे पाच घोडे आहेत, रंगीत आणि मोठ्या आकाराचे. दिवे, संगीत आणि हालचाल यांच्या साथीनं हा सगळा देखावा उलगडतो. हुसेन ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारले. कलाकृती लोकांसाठी खुली झाली डिसेंबर २०१९ मध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिच्या सोबतीला हुसेन यांच्या नावाचं 'लौह व कलम' हे संग्रहालयही उघडलं.

हे घोडे घडवायला व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचेच हात का लागले? नव्वदीतल्या चित्रकाराला भट्टी झेपत नाही, हे तर उघड आहे. पण हुसेन तिशीत असते तरी उत्तर हेच आलं असतं.

काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना. नुसती वाळू वितळायला १७०० अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता लागते. सोडा ती बरीच खाली आणतो आणि चुना काचेला पाण्यात विरघळू देत नाही. कलाकाराच्या भट्टीत हा रस साधारण ११०० अंशांवर राखलेला असतो. लोखंडी नळीचं टोक त्यात बुडवून गोल फिरवलं की केशरी गोळा चिकटून येतो. त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. नळी सतत फिरती ठेवावी लागते, नाहीतर गोळा एका बाजूला ओघळतो. कारागीर बाकावर बसून डाव्या हातानं नळी फिरवतो. उजव्या हातात भिजवलेल्या वर्तमानपत्राची जाड घडी असते. तिच्यावर गोळा टेकवून तो आकार देतो. कागद करपतो, वाफ उठते आणि त्या वाफेच्या थरामुळे तळहात शाबूत राहतो. मदतनीस फुंकर मारतो. अर्ध्या-एक मिनिटात केशरी रंग उतरतो, काच चिमट्याला दाद देईनाशी होते, की परत आगीच्या तोंडाशी न्यायची. बाकावरून आग, आगीतून बाक, अशा किती खेपा होतील त्याची गणती नसते.

मुरानोत पर्यटकांना करून दाखवतात तो लहानसा घोडा पाहिला तर ही घाई नीट कळते. सळईच्या टोकाला भरीव गोळा. चिमट्यानं एक ओढ, मान झाली. मानेच्या कडेला चार-पाच चिमटे, आयाळ उभी राहिली. खालून दोन ओढी, पुढचे पाय. मग मागचे पाय, शेवटी शेपूट. मिनिटभरात घोडा मागच्या पायांवर उभा! यातली एकही ओढ खोडून पुन्हा काढता येत नाही. मान किती वाकवायची हे ठरवायला जेवढा वेळ असतो, तेवढ्यात ती वाकवूनही व्हावी लागते. कागदावरचं रेखाचित्र कितीही नेमकं असलं तरी हा निर्णय चिमटा धरणारा माणूसच घेतो.

आपल्याकडे चादरीचा नक्षा एक जण आलेखाच्या कागदावर काढतो, दुसरा त्यावरून जकार्डची कार्डं पाडतो, तिसरा मागावर बसतो. तिथंही कामं वाटलेलीच आहेत. फरक एवढाच, की नक्षा चुकला तर कार्ड बदलायला उद्याचा दिवस असतो. काचेत उद्याचा दिवस नसतो.

आकार झाला म्हणून काम संपत नाही. काच बाहेरून लवकर निवते, आतून उशिरा. दोन्हींची ओढाताण सुरू झाली की वस्तू तडकते, कधी रात्री, कधी आठवड्यानं. म्हणून ती ५०० अंशांच्या आसपास राखलेल्या पेटीत ठेवून सावकाश निववतात. याला अॅनीलिंग म्हणतात. पेल्याला एक रात्र पुरते. पण जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट होतो. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीसाठी कॉर्निंग कंपनीनं १९३४ च्या डिसेंबरात काचेची तबकडी ओतली, ती निवायला सुमारे दहा महिने दिले होते. मोठं काचशिल्प महाग का पडतं, याचं उत्तर काचेच्या किमतीपेक्षा या निवण्याच्या वेळात आणि त्यात फुटणाऱ्या नगांत आहे.

तर कल्पना आणि हात यांची सांगड कशी घालायची? जगानं याची तीन उत्तरं दिली.

पहिलं उत्तर व्हेनिसचं. आगीच्या भीतीनं शहरातल्या भट्ट्या १२९१ मध्ये मुरानोवर हलवल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसब तिथंच मुरलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर एजिदिओ कोस्तान्तिनी या माणसानं पिकासो, शागाल, माक्स अर्न्स्ट यांच्याकडून चित्रं घेऊन ती मुरानोच्या उस्तादांकडून काचेत उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुढे १९८९ मध्ये आद्रियानो बेरेन्गो यांनी याच वाटेनं आपला स्टुडिओ काढला. कलाकार कल्पना आणतो, उस्ताद ती घडवतो. हुसेन यांचे घोडे याच परंपरेतले आहेत.

दुसरं उत्तर चेकोस्लोव्हाकियाचं. स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोव्हा हे पती-पत्नी १९५० च्या दशकापासून एकत्र काम करत होते. लिबेन्स्की कागदावर रेखाटत, ब्रिख्तोव्हा मातीत शिल्प घडवत. त्यावरून साचा निघे आणि साच्यात काच भट्टीतच वितळून बसे. इथं फुंकणं नाही, घाई नाही. गंमत जाडीत आहे: एकाच रंगाची काच जिथं जाड तिथं गडद दिसते, पातळ तिथं उजळते. म्हणजे आकारच छटा ठरवतो. माती आणि दगडाला जमत नाही ते हेच, कारण उजेड तिथं पृष्ठभागावर अडतो, इथं पोटातून आरपार जातो. आणि या दोघांनी सहीचा प्रश्नही सरळ सोडवला. शिल्पाखाली नावं दोन.

तिसरं उत्तर अमेरिकेचं, आणि आपल्याला सगळ्यात उपयोगी. १९६२ मध्ये ओहायोतल्या टोलेडो कला संग्रहालयाच्या आवारात हार्वी लिटलटन या कुंभारकामाच्या प्राध्यापकानं लहान भट्टी उभी केली. कारखान्याची काच कलाकाराच्या एकट्याच्या हातात यावी, हा हट्ट. पहिला रस बिघडला. तेव्हा डॉमिनिक लॅबिनो या काच-तंत्रज्ञानं भट्टी सुधारून दिली आणि काचतंतू काढण्यासाठी बनवलेल्या गोट्या वितळायला दिल्या. रस जमला, पण फुंकायचं कसं हे कुणालाच धड येत नव्हतं. शेवटी हार्वी लीफग्रीन नावाचा एक निवृत्त काचकामगार मदतीला आला आणि त्यानं ते करून दाखवलं. 'स्टुडिओ ग्लास' चळवळीचा इतिहास लिटलटनपासून सांगतात. माझ्या मते तो लीफग्रीनपासूनही सांगायला हवा.

लिटलटनचा विद्यार्थी डेल चिहुली. तो १९६८ मध्ये मुरानोला वेनिनीच्या कारखान्यात राहिला आणि एकट्याचा हट्ट सोडून संघानं काम करायचं शिकून आला. १९७१ मध्ये सिएटलजवळ पिलचक ही काचेची शाळा निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. १९७६ च्या अपघातात त्याचा एक डोळा गेला, १९७९ मध्ये खांदा निखळला आणि नळी हातातून सुटली. त्यानंतरची त्याची जगभर गाजलेली कामं इतरांच्या हातांनी झाली. तो बाजूला उभा राहून रंगांनी मोठमोठी रेखाटनं करतो आणि संघ त्यावरून काम करतो. त्याच १९७९ मध्ये मुरानोचा उस्ताद लिनो तालियापिएत्रा पिलचकला शिकवायला गेला. बेटावरची विद्या परक्यांना दिली म्हणून गावात कुरबूर झाली. पण उस्ताद पुढे स्वतःच्या नावानं शिल्पं करू लागला आणि आज तो पहिल्या रांगेतला कलाकार गणला जातो. हात होता, त्याला नाव मिळालं.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राकडे असे हात नव्हते असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून जमवलेल्या पैसा फंडातून, टिळकांच्या पाठिंब्यानं, १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं तंत्र सांभाळत. त्या भट्टीवर तयार झालेली माणसं देशभरच्या कारखान्यांत गेली. १९१६ मध्ये औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्या आजी-आजोबांच्या घरोघरी होता, आणि त्याची काच राखेनं पुसणं हे मुलांचं संध्याकाळचं काम होतं. आज ओगलेवाडीचं नाव रेल्वेत बसलेल्याला कऱ्हाड स्टेशनामुळे कळतं, काचेमुळे नाही. या भट्ट्यांवर नळी धरणारी माणसं होती आणि मुंबईत १८५७ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट होतं. पण टोलेडोत प्राध्यापक आणि कामगार एका भट्टीपाशी आले, तसं आपल्याकडे झालं नाही. कंदील गेला, बाटल्या यंत्रावर निघू लागल्या आणि ते हातही गेले.

उरलेले हात उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादेत आहेत, बांगड्यांच्या भट्ट्यांवर. पंढरपूरच्या बाजारातून घेतलेल्या काचेच्या बांगडीवरून नख फिरवून पाहा, एका जागी बारीकशी गाठ लागेल. फिरत्या दांड्यावर तापल्या काचेची तार गुंडाळून स्प्रिंगसारखं वेटोळं करतात, ते कापून एकेक कडं सुटं करतात आणि तोंडं ज्योतीवर जोडतात. जोडायचं काम बहुतेक घरोघरी बायका करतात. तिथल्या लोकांच्या बोलीत ही 'जुडाई'. फिरोजाबादच्याच कारागिरांकडून ज्याँ-मिशेल ओथोनिएल हा फ्रेंच शिल्पकार २००९-१० पासून काचेच्या फुंकलेल्या विटा करून घेतो. बुडबुडे, वाकडेपणा, रंगातला किंचित फरक, हे सगळं तो तसंच ठेवतो. त्या विटांच्या भिंती पॅरिसच्या संग्रहालयांत पोचल्या आहेत.

भारतीय कलाकारांतही भट्टीपाशी स्वतः उभे राहणारे आहेत. शांतिनिकेतनात शिकलेले शिशिर सहाना हैदराबादला राहून ओतीव काचेत शिल्पं करतात; सोलापूरकरांना हे गाव मुंबईपेक्षा जवळ. दिल्लीकडे रेश्मी डे यांनी 'ग्लास सूत्र' हा स्टुडिओ काढला. मुंबईत वास्तुविशारद अर्जुन राठी यांनी 'रुरल मॉडर्न' नावानं फुंकलेल्या काचेचं काम सुरू केलं. संख्या अजून बोटांवर मोजण्याइतकी आहे, कारण माती, लाकूड, धातू शिकायला आपल्या कलाशाळांत सोय असते, पेटती काच शिकायला भट्टी चोवीस तास चालू ठेवावी लागते, आणि ते इंधन परवडत नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात असं वाटतं. एक अगदी बिनखर्चाची: काचशिल्पाखाली नळी धरणाऱ्याचंही नाव लिहावं. दोह्याच्या घोड्यांबद्दलच्या बहुतेक बातम्यांत 'मुरानोची काच' एवढाच उल्लेख येतो; जणू घोडे काचेनं आपले आपण केले. कारागिराचं नाव लिहिल्यानं हुसेन यांचं काही उणं होत नाही. घोडा त्यांचाच आहे. पण आयाळीचा शेवटचा चिमटा कुणी घेतला हे कळलं, तर घोडा अधिक नीट दिसेल. दुसरी गोष्ट खर्चाची: राज्यातल्या एखाद्या कलाशाळेनं लहानशी भट्टी पेटवावी आणि शिकवायला फिरोजाबादचा कारागीर बोलवावा. टोलेडोची सुरुवात याहून मोठी नव्हती.

पुढच्या लेखांकात : लाख. काचेच्या आधी मनगटावर आलेलं आणि साचा न लागणारं माध्यम.