सायलेन्सर: कायद्याने बंदूकच

● व्याख्या : शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गोळीबाराचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारा जोडभागही ‘अग्निशस्त्र’ ठरतो.

● काम : नळीतून सुटणारा तप्त वायू आतल्या पडद्यांवर अडून मंदावतो. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका मात्र राहतोच.

● झीज : जुन्या सायलेन्सरमध्ये काजळी व शिसे साचते, रबरी चकत्या फाटतात.

● दुरुस्ती : दुरुस्ती वा बदल करायलाही कलम ५ चा परवाना लागतो. २०१९ च्या सुधारणेनंतर विनापरवाना कामाला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

● नागपुरात : शस्त्र परवान्यासाठी शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी.

● वारशात सापडल्यास : लेथवाल्याकडे नेऊ नका, विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करा.