गळ्याची जखम आणि कागदावरचे चार शब्द

मानवी देहात जीवनावश्यक अवयवांची जेवढी दाटी वीतभर गळ्यात झाली आहे, तेवढी अन्यत्र क्वचितच आढळेल. श्वासनलिका, स्वरयंत्र, अन्ननलिका, मेंदूला रक्त पोहोचविणाऱ्या मोठ्या धमन्या, मज्जारज्जू, थायरॉइड ग्रंथी हे सारे तेथे एकमेकांस खेटून वसले आहे. आणि छातीला बरगड्यांचे आहे तसे कवच मात्र गळ्याला नाही. सुश्रुताने कंठातील आठ शिरामर्मांची गणना ‘सद्यःप्राणहर’ मर्मांत केली, ती उगीच नव्हे. बाह्य कारणांनी होणाऱ्या जखमांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकारही त्याने सांगितले आहेत. जखमेवर उपचार करावयाचा तर प्रथम तिला नेमके नाव द्यावे, ही दृष्टी आपल्याकडे इतकी जुनी आहे. आजच्या रुग्णालयातील लेखी नोंद आणि तिच्यावरून ठरणारा सांकेतिक क्रमांक ही त्याच दृष्टीची आधुनिक रूपे होत. वरवर पाहता ही कोरडी कारकुनी वाटते. पण बैहरसारख्या ठिकाणी तिच्यावर माणसाचा प्राण, त्याला मिळणारा न्याय आणि त्याच्या घरची भाकर अवलंबून असते.

बैहरहून पुढची वाट

बालाघाट जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव मैकल पर्वताच्या परिसरात आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच भागात येते. भोवती गोंड आणि बैगा यांच्या वस्त्या आहेत. मोहफुले वेचण्यासाठी, तेंदूपाने तोडण्यासाठी माणसे पहाटेच अरण्यात शिरतात, आणि त्याच मोहाखाली अस्वलही येते. एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत तत्कालीन अखंड मध्यप्रदेशात अस्वलांच्या तावडीत सापडलेल्या ७३५ जणांची नोंद अभ्यासकांनी केली आहे. त्यांपैकी ४८ जण दगावले. अस्वलाचा रोख बहुधा डोक्याकडे व चेहऱ्याकडे असतो, बिबट्याचा गळ्याकडे. याखेरीज बैलाचे शिंग, निसटलेली कुऱ्हाड, भांडणातील सुरी ही कारणे आहेतच. नागपूरकडे संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनचा मांजा दुचाकीस्वारांचे गळे चिरतो. या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे.

असा जखमी बैहरला प्रथमोपचार घेऊन पुढे बालाघाटला जातो. तेथून गोंदिया, नागपूर अथवा जबलपूर. गोंदियाची वाट धरली तर राज्याची सीमाही ओलांडावी लागते. गळ्याला जखम झालेल्यास बहुधा बोलता येत नाही. सोबतचा नातलग गोंडी किंवा हिंदी बोलतो, पुढचे डॉक्टर मराठी असतात, आणि घाबरलेल्या माणसाला वेळेचे भान नसते. अशा वेळी रुग्णाच्या वतीने बोलतो तो पहिल्या डॉक्टरांनी लिहिलेला कागदच.

त्यात काय असावे?

‘गळ्याला जखम, टाके घातले’ एवढ्याने पुढील शल्यवैद्याचे काम भागत नाही. गळ्याच्या त्वचेखाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ स्नायू पसरलेला असतो. तो भेदला गेला असेल तरच जखम ‘भेदक’ ठरते; म्हणून तो शाबूत आहे की नाही, हे पहिले वाक्य. दुसरे वाक्य जागेचे. १९६९ साली अमेरिकेतील शल्यवैद्य मॉन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी गळ्याचे तीन पट्टे कल्पिले: गळ्याच्या हाडापासून क्रिकॉइड कूर्चेपर्यंत पहिला, तेथून जबड्याच्या कोनापर्यंत दुसरा, आणि त्याच्या वर कवटीच्या तळापर्यंत तिसरा. पट्टा कळला की आत कोणते अवयव धोक्यात आहेत याचा अंदाज येतो.

तिसरे वाक्य लक्षणांचे. रक्त उसळते आहे काय, सूज वाढते आहे काय, जखमेतून हवेचे बुडबुडे येतात काय, त्वचेखाली हवा शिरून चुरचुर लागते काय, आवाज बसला आहे काय, गिळताना त्रास होतो काय. शेवटी घटनेची व तपासणीची वेळ, जखमेचे माप, नाडी, रक्तदाब आणि दिलेले उपचार. एखादे लक्षण नसेल तर ‘नाही’ असेही लिहावे. कारण दोन तासांनी ते उद्भवले, तर ते नव्याने आले हे त्या ‘नाही’वरूनच कळते.

क्रमांक आणि त्याचे मौन

रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मूलतः मृत्यूच्या कारणांसाठी जन्मले. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागो येथे त्याची पहिली यादी मांडली. १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली, आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

दहाव्या आवृत्तीत गळ्याच्या उघड्या जखमेला एस ११ हा क्रमांक आहे. स्वरयंत्र वा श्वासनलिका सापडली असेल तर एस ११.०, थायरॉइड असेल तर ११.१, घसा किंवा गळ्यातील अन्ननलिका असेल तर ११.२. रक्तवाहिन्यांसाठी एस १५ हा वेगळा क्रमांक. आणि डॉक्टरांनी काहीच स्पष्ट केले नसेल तर एस ११.९, म्हणजे ‘भाग अनिर्दिष्ट’. क्रमांक देणाऱ्यास जखम दिसत नसते. त्याच्यासमोर केवळ कागद असतो. जे लिहिले नाही ते त्याने कल्पनेने भरावयाचे नसते.

कारणाचा क्रमांक निराळा असतो. दुसऱ्याने धारदार वस्तूने वार केला असेल तर एक्स ९९, स्वतःच केला असेल तर एक्स ७८, हेतू ठरवता येत नसेल तर वाय २८. गंमत अशी, की अस्वल, बिबट्या आणि गोठ्यातला बैल हे तिन्ही डब्ल्यू ५५ या एकाच खात्यात जमा होतात. बैहरच्या माणसाला हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण वन्य प्राण्याच्या हल्ल्याची भरपाई वनखात्याकडे मागावयाची असते, बैलाची नव्हे. म्हणून क्रमांकाशेजारी प्राण्याचे नाव शब्दांत लिहिलेले असणे अगत्याचे आहे.

कागदाचा पुढला प्रवास

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही, जीव धोक्यात आणणारी दुखापत ‘गंभीर’ मानली आहे. जखमेची खोली नोंदलेली नसेल, तर वर्षभराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी ती कशाच्या आधारे सांगावी? २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. तेथेही रुग्णालयाच्या मागणीचा आधार ही कागदपत्रेच. आणि रुग्ण दगावला, तर मृत्यूच्या कारणाचा दाखला याच नोंदीवरून लिहिला जातो.

कुटुंबीयांनी काय करावे?

रुतलेली वस्तू उपटू नये. स्वच्छ कापडाने रक्तस्राव दाबून धरावा. मात्र श्वास कोंडेल असा पट्टा गळ्याभोवती बांधू नये. काही खायला-प्यायला देऊ नये. पोलिसांच्या भयाने वेळ दवडू नये. आधी उपचार, मग कायद्याचे सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच स्पष्ट केले आहे. जखम स्वतःच करून घेतलेली असली तरी ते डॉक्टरांपासून लपवू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा व्यक्तीस तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचे मानतो आणि शिक्षेपासून तिचे रक्षण करतो.

आणि पुढे पाठविताना मिळालेली चिठ्ठी वाचून घ्यावी. घटना केव्हा, कशाने आणि कशी घडली हे तीत नसेल, तर तेथेच नम्रपणे लिहून मागावे, आणि मूळ प्रत पुढच्या रुग्णालयात देण्यापूर्वी तिची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी.