किमान रकमेचे गणित : कर्जावरील तीन माहितीपट

क्रेडिट कार्ड हे आज अनेक कुटुंबांच्या नित्य वापरातील साधन झाले आहे. खिशात पैसे नसतानाही वस्तू हाती येते. परंतु तिची खरी किंमत किती, हे देयक येईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेत २००४ ते २००६ या काळात तयार झालेल्या तीन माहितीपटांनी हा विषय सामान्य माणसासमोर मांडला. त्यांतून आपण काय घ्यावे, ते थोडक्यात पाहू.

पहिला माहितीपट 'सीक्रेट हिस्टरी ऑफ द क्रेडिट कार्ड'. पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील 'फ्रंटलाइन' मालिकेत तो नोव्हेंबर २००४ मध्ये दाखविण्यात आला. पत्रकार लोवेल बर्गमन यांनी त्यात व्याजावरील मर्यादा कशी नाहीशी झाली, याचा शोध घेतला. १९७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, राष्ट्रीय बँक ज्या राज्यात आहे त्या राज्याचा व्याजदर ती इतर राज्यांतील ग्राहकांनाही लावू शकते. पुढे साउथ डकोटा राज्याने व्याजाची कमाल मर्यादा उठविली आणि १९८१ मध्ये सिटीबँकेने आपला कार्ड व्यवसाय न्यूयॉर्कहून तेथे हलविला. १९९६ च्या निकालाने विलंब शुल्कालाही हेच तत्त्व लागू झाले.

दरमहा पूर्ण देयक चुकते करणाऱ्या ग्राहकाला या व्यवसायात 'डेडबीट' म्हणजे फुकटा म्हणतात, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. नफा येतो तो थकबाकी पुढे ढकलणाऱ्याकडून. एक उदाहरण घेऊ. १,००० डॉलर थकबाकी, वार्षिक व्याज १८ टक्के आणि दरमहा भरावयाची किमान रक्कम थकबाकीच्या २ टक्के. पहिल्या महिन्यात भरलेल्या २० डॉलरपैकी १५ व्याजात जातात. मुद्दल केवळ ५ डॉलरने घटते. असेच भरत राहिल्यास, नवी खरेदी न करताही, कर्ज निम्मे होण्यास ११ वर्षांहून अधिक काळ लागतो.

दुसरा माहितीपट जेम्स स्कर्लॉक यांचा 'मॅक्स्ड आउट' (२००६). कार्डाच्या कर्जात सापडून आत्महत्या केलेल्या दोन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या माता त्यात आपली व्यथा सांगतात. कायद्याच्या प्राध्यापिका एलिझाबेथ वॉरन यांचा अनुभवही त्यात आहे. अडचणीतील ग्राहकांना आणखी कर्ज देऊ नका, असा सल्ला त्यांनी एका बँकेला दिला, तेव्हा नफा त्याच ग्राहकांकडून येतो, असे उत्तर त्यांना मिळाले. डॅनी शेक्टर यांचा 'इन डेट वुई ट्रस्ट' हा तिसरा माहितीपटही २००६ चाच. 'आमचा देवावर विश्वास आहे' या अमेरिकन नाण्यावरील ब्रीदवाक्यात देवाच्या जागी कर्ज ठेवून त्यांनी शीर्षक साधले. २००८ च्या आर्थिक संकटापूर्वी दिलेला तो इशारा होता.

अमेरिकेत २००९ मध्ये नवा कायदा झाला. व्याजदर वाढविण्यापूर्वी ४५ दिवसांची सूचना, केवळ किमान रक्कम भरल्यास कर्ज फिटण्यास किती काळ लागेल याचा देयकावर उल्लेख आणि २१ वर्षांखालील तरुणांना कार्ड देताना स्वतंत्र उत्पन्नाचा पुरावा किंवा सहस्वाक्षरी, अशा तरतुदी त्यात आल्या. व्याजदरावर मात्र सरसकट मर्यादा आली नाही.

आपल्याकडेही हे गणित निराळे नाही. किमान रकमेच्या परिणामाची सूचना देयकावर छापावी, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत आहे. क्रेडिट कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणून सावध राहण्याची जबाबदारी बव्हंशी आपल्यावरच येते.

देयकावरील 'किमान रक्कम' नव्हे, तर 'एकूण रक्कम' पाहावी. ती भरणे शक्य नसेल, तर प्रथम कार्डावरील खरेदी थांबवावी. आणि घरातील मुलामुलींना एवढा विश्वास द्यावा की, कर्ज झाले तर ते लपविण्याऐवजी प्रथम घरी सांगतील. पैशाचे नुकसान कालांतराने भरून निघते. त्या दोन मातांचे नुकसान भरून निघणारे नाही.