गोळा लांब का जात नाही?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि ७.२६० किलोच्या गोळाफेकीचे १५. करमाडसारख्या गावांत पहाटे जालना रस्त्याला धावणारी पोरं दिसतात. गोळ्याची तयारी मात्र जोर-बैठकांवर भागवली जाते. शंभर बैठकांनी दम वाढतो, स्फोटक ताकद फारशी नाही. तिला जड वजन, मोजक्या आवृत्त्या आणि दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती लागते. पहिल्या काही आठवड्यांत सुधारते ती मुख्यतः मज्जासंस्थेची स्नायूंवरची हुकमत, स्नायू भरतात नंतर (आरशापुढे निराश होणाऱ्यांनी ऐकावं!). वजन थोडं थोडंच वाढवा, त्याच स्नायूंना साधारण ४८ तास सुट्टी द्या. चाचणीच्या आठवड्यात सेट निम्मे करा.